पत्ता न वाचता उघडलेले पत्र

वाचकहो, मी आयुष्यातली एकतीस वर्षे पत्रे वाचण्यात घालवली. — चुकलो. पत्रे नव्हे, पत्ते! रेल्वेच्या टपालडब्यात मी सॉर्टर होतो. रात्री पुणे-मिरज गाडी सुटली, की लाखेचे सील लावलेल्या थैल्या फोडायच्या आणि समोरच्या लाकडी खणांत एकेक पत्र टाकीत सुटायचे, हे आमचे काम. डबा हलतो आहे, दिवा मिणमिणतो आहे, डोळ्यांवर झोप आहे, पण हात थांबत नाही! या कामातली पहिली शिकवण अशी, की पत्ता वरून खाली वाचायचा नसतो. वर नाव असते. ते 'रावसाहेब' असो की 'चिरंजीव', सॉर्टरला त्याच्याशी कर्तव्य नाही. आधी तळाची ओळ बघायची. जिल्हा कोणता? पिनकोड कोणता? 'पिन' म्हटले की हल्लीच्या मुलांना बँक आठवते. मला श्रीराम भिकाजी वेलणकर आठवतात. टपालखात्यातला हा अधिकारी मोठा संस्कृत पंडित होता, आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून देशभर सुरू झालेली सहा आकड्यांची ती योजना त्यांची. हे मी थोड्या अभिमानाने सांगतो, कारण पुढे जे सांगायचे आहे त्यात अभिमान वाटण्यासारखे फारसे काही नाही.

गणपती उठले होते आणि पितृपंधरवडा लागला होता. आमच्या सौ.चे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. जिना उतरताना एकेक पायरी ती कठडा धरून, आडवी होऊन उतरते. ते बघवत नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी दसऱ्यानंतरची तारीख दिली होती. त्यासाठी मुदतठेवीचे चार लाख साठ हजार रुपये मी बचत खात्यात आणून ठेवले होते. आयुष्यात माझ्या खात्यावर एवढी रक्कम एका वेळी कधी नव्हती, आणि त्यामुळे दिवसातून दोनदा फोन उघडून ती जागच्या जागी आहे ना, हे बघण्याची खोड मला लागली होती.

त्या रात्री पावणेदहाच्या सुमाराला फोनवर ई-मेल आला. आयकर विभागाकडून! '१५,४९० रुपयांचा आपला परतावा मंजूर झाला आहे. चोवीस तासांत खात्याची पडताळणी न केल्यास तो रद्द समजण्यात येईल.' आता यात संशय घेण्यासारखे काय होते, तुम्हीच सांगा. ठेवीच्या व्याजावर बँकेने कर कापला होता, पंधरा-एच नावाचा फॉर्म वेळेवर द्यायचा मी विसरलो होतो आणि परतावा मिळावा म्हणून विवरणपत्र भरून मी खरोखरच वाट बघत बसलो होतो. परतावा तीन-साडेतीन हजारांचा असायला हवा होता, हे खरे. पण सरकार आपल्याला चार पैसे जास्त देत असेल, तर त्यांची चूक त्यांच्या लक्षात आणून देण्याइतका सत्यवादी मी निदान त्या रात्री तरी नव्हतो. खाली निळ्या अक्षरांत 'इथे दाबा' असे लिहिले होते. दाबले!

पान उघडले. वर सिंहांची राजमुद्रा. मी पॅन क्रमांक भरला. जन्मतारीख भरली. बँकेचा खातेक्रमांक भरला. मग ते पान एटीएम कार्डाचा क्रमांक आणि कार्डाच्या पाठीवरचे तीन आकडे मागू लागले. मी चष्मा पुसला आणि कार्ड काढायला उठलो, एवढ्यात आतून आवाज आला, "अहो, रक्तदाबाची गोळी घेतलीत का?" गोळी घेऊन परत येईपर्यंत फोनच्या तळाशी 'फाईल उतरवून झाली' अशी पट्टी येऊन गेली. मी तर काही उतरवायला सांगितले नव्हते! तेव्हा कुठे, एकतीस वर्षांची नोकरी झालेल्या या सॉर्टरने त्या पानाचा पत्ता पाहिला.

सुरुवातीला सगळे ठीक होते. इन्कमटॅक्स, टिंब, जीओव्ही, टिंब, इन. पण पत्ता तिथे संपत नव्हता. पुढे आडवी रेघ, 'रिफंड' हा शब्द, पुन्हा टिंब, आणि शेवटी भलतेच एक शेपूट. संगणकाच्या जगातला पत्ताही आमच्यासारखाच शेवटाकडून वाचायचा असतो. पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी जे नाव असते, तो घराचा खरा मालक. त्याच्या डावीकडे कुणी काहीही लिहावे. 'राष्ट्रपती भवन, नवी दिल्ली, मु. पो. अमुकवाडी, ता. जत' असे पत्र हाती आले असते, तर ते मी झोपेतसुद्धा जतच्या खणात टाकले असते. आणि इथे राष्ट्रपती भवन वाचून हात जोडून उभा राहिलो!

छातीत धस्स झाले, म्हणतात ते काय असते, ते मला त्या क्षणी कळले.

मी फोन बंद केला. तेवढ्याने समाधान होईना. आपल्याला कुणीतरी त्या भिंगातून बघते आहे, असे वाटू लागले. म्हणून तो पालथा घातला. मग लाडवांच्या रिकाम्या डब्यात ठेवून झाकण लावले आणि डबा फडताळाच्या वरच्या फळीवर. हसू नका. रात्री दीड वाजता माणूस असाच विचार करतो. त्या फोनमध्ये माझी बँक होती, मुलाचा बंगलोरचा पत्ता होता, सौ.च्या गुडघ्यांची क्ष-किरण चित्रे होती, आणि माझ्या थोरल्या भावाने जाण्याआधी चार दिवस पाठवलेला अर्ध्या मिनिटाचा आवाज होता — "पाऊस आहे का रे तिकडे?" एवढाच. ते सगळे आता कुणा परक्याच्या हातात पडले आणि तो ते सावकाश उलगडून बघत बसला आहे, असे चित्र डोळ्यांपुढून हलेना.

सकाळी सौ.ला सांगितले, फोन बिघडला. थापांची मला सवय नाही, त्यामुळे दुपारपर्यंत तीच थाप मी तिला चार वेळा सांगितली.

दुसऱ्या दिवशी ती देवपूजेला बसल्याची संधी साधून मी मुलाने मागे ठेवलेला जुना संगणक सुरू केला, बँकेच्या मदतकेंद्राचा क्रमांक शोधला, आणि जो पहिल्यांदा दिसला तो घरच्या लँडलाइनवरून फिरवला. एक अत्यंत नम्र तरुण बोलला. मी हकीकत सांगताच त्याने सुस्कारा सोडला. "सर, बरं झालं फोन केलात. तुमच्या मोबाइलमध्ये कुणीतरी शिरलेलं इथं दिसतंय. पंधरा मिनिटांत खातं रिकामं होईल. मोबाइल सुरू करा, मी सांगतो ते अ‍ॅप घ्या, मी इथूनच साफ करून देतो. खातं कुठल्या बँकेत आहे, सर?" मी बँकेचे नाव सांगितले. त्याला नीट ऐकू आले नाही. मी पुन्हा, मोठ्याने सांगितले.

मागून आवाज आला. "फोन कुणाला लावलाय?"

मी रिसीव्हरवर हात ठेवला. "बँकेला."

"मग बँकेचं नाव तुम्ही कशाला सांगताय? त्यांचं त्यांना ठाऊक नाही होय?"

हातात निरांजन घेऊन ती दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिले, रिसीव्हरकडे पाहिले, आणि तो जागेवर ठेवून दिला. लगेच घंटी वाजली. पुन्हा वाजली. पाच-सहा वेळा वाजून ती थांबली, आणि तोवर आम्ही दोघे नुसते त्या यंत्राकडे बघत उभे होतो.

मग मी सगळे सांगितले. तिने एकच विचारले, "गुडघ्यांचे पैसे?"

"असावेत."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दोन रात्री एकट्यानं जागलात. मला उठवायला काय झालं होतं? माझे गुडघे दुखतात, कान नाही दुखत." आणि पदर खोचून, "रिक्षा बोलवा," म्हणाली.

बँकेत पासबुक छापणाऱ्या यंत्रासमोर आमच्यापुढे तीन माणसे होती. ती दहा मिनिटे मी विसरणार नाही. यंत्र खरखरले, पान बाहेर आले. चार लाख साठ हजार, वर किरकोळ. सौ.ने ते पान माझ्या हातून घेऊन स्वतः वाचले आणि बाकावर बसली.

काउंटरवरच्या बाईंनी कार्ड आणि इंटरनेटवरचे व्यवहार तेवढ्यापुरते बंद केले. माझी भीती ऐकून त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. नुसत्या खातेक्रमांकाने पैसे काढता येत नाहीत. तो तर तुमच्या प्रत्येक चेकवर छापलेला असतो, असे त्यांनी सांगितले. बँकेचा क्रमांक हवा असेल तर कार्डाच्या पाठीवरचा घ्यावा, संगणकावर पहिल्यांदा सापडेल तो नव्हे. तसले खोटे क्रमांक मुद्दाम पेरून ठेवलेले असतात. २०१९ च्या फेब्रुवारीतच रिझर्व्ह बँकेने, दुरून दुसऱ्याचा पडदा बघू देणाऱ्या अ‍ॅपबद्दल बँकांना सावध केले होते. म्हणजे माझा तो नम्र तरुण काही नवी विद्या शिकून आलेला नव्हता. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली सगळ्या बँकांना आपल्या पत्त्याच्या शेवटी 'बँक डॉट इन' हे नाव घ्यायला सांगितले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत घातली, हेही त्यांच्याकडूनच कळले. ते ऐकून मला बरे वाटले. शेवटी त्यांनाही तळाची ओळच सुधारावी लागली!

पण त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मनाला लागून राहिली. जुलै २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने एक परिपत्रक काढले. त्यात असे म्हटले होते, की ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती देऊन टाकल्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे लाडवांच्या डब्यावर झाकण घालून मी जे दोन दिवस गप्प बसलो, ते दोन दिवस पैसे गेले असते तर सर्वस्वी माझ्या नावावर मांडले गेले असते. आणि फोनच बंद असल्यामुळे पैसे निघाल्याचा संदेशही मला पोचला नसता. बंगलोरहून मुलाने अकरा वेळा फोन केला होता, तो निराळाच. शेवटी त्याने शेजाऱ्यांना कळवून, आम्ही दोघे हयात आहोत ना, याची चौकशी केली होती!

रविवारी पुण्याहून भाची आली. ती संगणकाच्या क्षेत्रात आहे; नक्की काय करते, हे तिने मला तीनदा समजावून सांगितले आहे. चहा घेता घेता तिने विचारले, "मामा, लिंक दाबल्यावर काय काय केलंत?" मी पुन्हा लिंकचीच कथा सुरू केली. ती म्हणाली, "ते राहू द्या. नंतर काय केलंत, ते सांगा."

तिने डबा उघडून फोन सुरू केला आणि आधी उतरवलेल्या फायलींच्या जागी गेली. तिथे ती होती! परताव्याचे नाव धारण केलेली, शेवटी 'एपीके' अक्षरे असलेली. माझ्या अंगावर काटा आला. भाची मात्र निवांत. "हे बंद पार्सल आहे. तुम्ही उघडलं नाहीत आणि 'बसवू का?' म्हणून फोननं विचारलं असतं त्याला हो म्हटलं नाहीत. नुसतं दारात पडून राहिलं." तिने ते पुसून टाकले. मग मला समजेल अशा भाषेत तिने सांगितले, की फोनमधले प्रत्येक अ‍ॅप आपापल्या सीलबंद थैलीत असते. एका थैलीतल्याला दुसरीतली पत्रे वाचता येत नाहीत. लिंक उघडते ती ब्राउझरच्या थैलीत. चोराला बाहेर यायचे तर सील फोडावे लागते, आणि ते बहुतेक वेळा तो आपल्याच हातून फोडून घेतो, परवानगी मागून. अनोळखी जागेहून अ‍ॅप घेण्याची परवानगी तिने तपासली, बंद होती. अ‍ॅक्सेसिबिलिटी नावाची एक सोय असते, दृष्टी अधू असलेल्यांसाठी केलेली. ती ज्या अ‍ॅपला मिळते त्याला पडद्यावरचे वाचता येते आणि आपल्या वतीने बोटही लावता येते. चोरांचा डोळा तिच्यावर असतो. तिथेही कुणी नव्हते.

"म्हणजे नुसत्या दाबण्यानं काहीच होत नाही?" मी जरा धीट होऊन विचारले.

"तसं नाही," ती म्हणाली, आणि अहमद मन्सूर यांची हकीकत सांगितली. हे संयुक्त अरब अमिरातीतले मानवी हक्कांचे कार्यकर्ते. ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांच्या आयफोनवर संदेश आला, की तुरुंगातल्या छळाची गुपिते या लिंकवर आहेत. त्यांनी बोट लावले नाही. तो संदेश टोरोंटोच्या 'सिटिझन लॅब'कडे पाठवला. तपासात निघाले, की आयफोनमधली तोवर कुणालाच माहीत नसलेली तीन भगदाडे वापरून ती लिंक सगळा फोन ताब्यात घेणार होती. एका स्पर्शाने! अ‍ॅपलने २५ ऑगस्टला दुरुस्ती पाठवली. "पण असलं हत्यार फार महाग असतं, मामा. ते अशा माणसांवर खर्च करतात. तुमच्या चार लाखांसाठी कुणी ते वापरायचं नाही." माझा जीव भांड्यात पडला आणि, खोटे कशाला बोलू, थोडा अपमानही वाटला.

हे २०१६ साल टपालाच्या दृष्टीने मोठे वाईट दिसते. फेब्रुवारीत बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे आठ कोटी दहा लाख डॉलर चोरट्यांनी फिलिपाइन्सला नेले. त्यांचा शिरकाव नोकरीच्या अर्जांसारख्या दिसणाऱ्या ई-मेलांमधून झालेला. श्रीलंकेकडे निघालेले आणखी दोन कोटी वाचले ते कशामुळे? 'फाउंडेशन' या शब्दाचे स्पेलिंग चोरांनी चुकवले म्हणून! मधल्या बँकेतल्या कुणाला तरी ते खटकले. तो माणूस मला भेटला तर मी त्याला मिठी मारीन. सॉर्टरची जात आहे ती. मार्चमध्ये हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांना पासवर्ड बदलायला सांगणारा मेल आला. त्यांच्या माणसांनी तंत्रज्ञाला विचारले सुद्धा. पण 'खोटा' लिहायच्या ऐवजी त्याच्या हातून 'खरा' लिहिले गेले, असे त्याने पुढे सांगितले. लिंक दाबली गेली आणि ऑक्टोबरात त्यांची खासगी पत्रे जगाने वाचली. एवढ्या मोठ्या लोकांच्या पंगतीला बसलो, या विचाराने मला जेवण जरा गोड लागले.

खरी बोलणी बसली ती जेवणानंतर. फोनच्या दुरुस्त्या आठ महिने तुंबलेल्या. "कंपनीनं कुलूप बदलायला माणूस पाठवला आणि तुम्ही त्याला रोज 'नंतर ये' सांगताय!" दुरुस्ती सुरू करून तिने माझ्या गूगल खात्यात कोणकोणती यंत्रे शिरलेली आहेत, त्याची यादी काढली. माझा फोन. मुलाचा जुना संगणक. आणि तिसरा एक फोन.

खोलीत शांतता पसरली.

"हा कुणाचा?"

सौ.नेच ओळखला. दोन वर्षांपूर्वी कामाच्या मावशींच्या मुलाला शाळेसाठी दिलेला आमचा जुना फोन! देताना मी फक्त त्यातले कार्ड काढून घेतले होते. दोन वर्षे माझा सगळा पत्रव्यवहार, फोटो, सगळे त्या पोराच्या हाती उघडे होते. बिचाऱ्याने कधी ढुंकून पाहिले नसेल. पण तो फोन उद्या विकला गेला असता तर? त्या दुष्ट लिंकने माझे काही नेले नव्हते. भगदाड मी स्वतःच, सत्पात्री दान समजून पाडून ठेवले होते. भाचीने इथे बसून त्याचे दार बंद केले, संगणकावरून पासवर्ड बदलले (सगळीकडे एकच होता, हे इथे कबूल करतो), आणि तो मेल आयकर खात्याला व सरकारच्या 'सर्ट-इन'ला पाठवून दिला. पैसे गेलेच असते तर क्षणाचाही वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवायचे, असे तिने कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले. आयकर खाते ई-मेलने पासवर्ड, पिन किंवा कार्डाचे क्रमांक कधी मागत नाही, हे तर खात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच लिहिलेले आहे. ते वाचायला मला कुणी अडवले नव्हते.

राहता राहिला पॅन आणि जन्मतारीख. पेटीत टाकलेले पत्रसुद्धा वेळेत अर्ज करून, फी भरून परत मागवता येते; टपालखात्याचा तसा नियम आहे. हे मात्र परत येत नाही. "यापुढे कुणी ते अचूक सांगून दाखवलं, तर त्याला खरा समजू नका," एवढे बजावून भाची रात्रीच्या गाडीने गेली.

दसरा झाला. मधल्या काळात खरा परतावाही निमूटपणे खात्यात येऊन पडला. तीन हजार दोनशे दहा. कुणी कुठे बोट लावायला सांगितले नाही. सौ.च्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, डाव्याची दोन दिवसांनी व्हायची होती. ती पडून होती आणि मी खुर्चीत मोसंबी सोलीत होतो, तेव्हा फोन वाजला. भारदस्त आवाज. मुंबईचे गुन्हे अन्वेषण, म्हणाला. माझे पूर्ण नाव सांगितले, पॅन सांगितला, जन्मतारीख सांगितली, सगळे बरोबर. माझ्या नावावर काळ्या पैशांचा व्यवहार झाला आहे, मला घरबसल्या अटक होणार आहे, व्हिडिओ सुरू करायचा आणि चौकशी संपेपर्यंत याबद्दल कुणाजवळ एक अक्षरही बोलायचे नाही.

हात थरथरले, नाही असे नाही. पण ते शेवटचे वाक्य ओळखीचे वाटले. लाडवांच्या डब्याच्या रात्री तोच हुकूम, कुणीही न देता, मी पाळला होता.

"काय म्हणायचं आहे ते पत्रानं कळवा," मी म्हणालो, "सांगली, चार एक सहा, चार एक सहा." आणि फोन ठेवला.

"कोण होतं?" सौ.ने डोळे न उघडता विचारले.

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. अर्धे झाल्यावर ती म्हणाली, "मोसंबं द्या आधी."